कापलेला कोपरा

१

"टोपी दिसली की मी इंजिन बंद करतो. आज टोपी दिसलीच नाही, म्हणून चालू ठेवलं!"

भोंगा हे धक्क्यावर उभा राहून सगळ्या क्लबला ऐकू जाईल असं बोलला आणि स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेतला. त्याच्या पुढ्यात ताडपत्रीखाली लायब्ररीवाल्या बाई होत्या. मेलेल्या. डोक्याला मागून जबर मार लागलेला.

बाई रोज संध्याकाळी धक्क्यापासून पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयापर्यंत पोहत जायच्या आणि पोहतच परत यायच्या. वय झालेलं, नोकरी संपलेली, घरात दुसरं माणूस नाही. लाल टोपी घालून पाण्यात उतरायच्या आणि भोंग्याला लांबूनच हात करायच्या. भोंगा नौका क्लबची मोटरबोट चालवायचा. शिडाच्या होड्या उलटल्या तर माणसं काढायची, एवढंच त्याचं काम. हळू बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. कानात सांगितलेलं गुपितसुद्धा तो पलीकडच्या काठाला ऐकवायचा, म्हणून तर भोंगा. बाईंना पाण्यातून काढून त्यानेच आणलं होतं.

"दिसली नाही म्हणतोय," गर्दीतून कोणीतरी बोललं. "म्हणजे यानेच उडवलं की!"

"भोंग्या, गप बस!" मागून त्याचा मित्र घुबड ओरडला. पण बाण सुटला होता.

इन्स्पेक्टरबाईंनी भोंग्याच्या गळ्यातली बोटीची किल्ली काढून घेतली. "परवा चौकशी. तोवर बोटीला हात लावायचा नाही." मग त्या घुबडाकडे वळल्या. "तुम्ही कॅमेरेवाले ना? त्या वेळी पाण्यात कोण कोण होतं?"

"तिघं. भोंग्याची मोटरबोट. दाढ-डॉक्टरची कॅटमरान."

"आणि तिसरं?"

घुबड ताडपत्रीकडे बघत बोलला.

"तिसरी, माझ्या मुलीची कॅटमरान."

२

कॅटमरान म्हणजे दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी, मधे ताणलेली जाळी, वर उंच डोलकाठी आणि शीड. जोराचा वारा लागला की एक होडी पाण्यावेगळी होते आणि सगळी नाव एका पायावर पळते. पोरं त्याच्यासाठीच वेडी. आणि पळताना आपण कसे दिसतो ते बघण्यासाठी त्याहून वेडी. म्हणून क्लबातल्या प्रत्येक नावेच्या मागच्या आडव्या दांडीवर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ॲक्शन कॅमेरा बसवलेला असायचा, तोंड पुढे करून. पाठमोरी माणसं, शीड, समुद्र, सगळं त्यात येतं.

ते कॅमेरे घुबड सांभाळायचा. रोज धुवायचे, पुसायचे, बॅटऱ्या भरायच्या, आणि लाटेने उखडला तर बुडू नये म्हणून प्रत्येक कॅमेरा दोरीने दांडीला बांधायचा. बाई गेल्या त्याच दुपारी त्याने सगळ्या कॅमेऱ्यांच्या निळ्या दोऱ्या कापून केशरी बांधल्या होत्या. निळ्या उन्हाने कुजल्या होत्या. आठवड्यापूर्वी एक तुटून आख्खा कॅमेरा तळाला गेला, तेव्हा कमिटीने त्याला फैलावर घेतलं होतं आणि त्यानेही रागाच्या भरात चहाचा मग भिंतीवर फोडला होता. डाग अजून होता.

सकाळपासून तो खिडक्या झाकलेल्या खोलीत व्हिडिओ कापत बसायचा. म्हणून घुबड. खोलीला दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर संध्याकाळी भोंगा येऊन बसायचा, दोघं चहा प्यायचे. भोंगा बोलायचा आणि घुबड वैतागायचा. एवढंच त्याचं गणगोत.

त्या रात्री दुसऱ्या खुर्चीवर मुलगी येऊन बसली.

आईबरोबर घर सोडून गेली तेव्हा ती शाळेत होती. आता नाव चालवण्यात एक नंबर. या हंगामात ती या क्लबात आली, कारण चांगल्या कॅटमरान इथेच होत्या. बापासाठी आली असं कोणी म्हणालं असतं तर तिनेच हसून घेतलं असतं. दोघांचं बोलणं म्हणजे "कॅमेरा?" "ठेवलाय." "बरं." संपलं.

"बाबा, कार्ड आणलंय," ती म्हणाली. "इन्स्पेक्टरबाईंना आमचा व्हिडिओ हवाय. आम्ही बेटामागे होतो. तुम्ही नेहमीसारखा नीट करून द्या ना."

बाबा. किती वर्षांनी.

"जेवलीस?"

"नाही."

त्याच्या डब्यातलं अर्धं तिने खाल्लं. तो काम करायचं सोडून तिच्या घासांकडेच बघत होता. मग त्याने व्हिडिओ उघडला आणि सवयीने आधी चौकट आत ओढली. खालच्या कोपऱ्यात दोरीचं शेपूट फडफडत असतं, ते दिसायला वाईट, म्हणून प्रत्येक व्हिडिओचा तो कोपरा तो डोळे मिटून कापायचा. उरलं ते छान होतं. डाव्या हाताला बेट, उजवीकडे मोकळा समुद्र, मुलगी सुकाणू धरून बसलेली, शेजारी तिचा जोडीदार.

"व्हिडिओवरच्या तारखेवर जाऊ नका," त्याने इन्स्पेक्टरबाईंना प्रत देताना सांगितलं. "बॅटरी काढली की कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडतं. पण बाई जिथे सापडल्या ते बेटाच्या अलीकडे. हे बेटाच्या पलीकडे आहेत."

"म्हणजे मुलगी सुटली तुमची."

घुबड हसला. खोलीत परत येऊन त्याने दुसऱ्या खुर्चीवरचे कण झाडले नाहीत.

पण मुलगी सुटली, म्हणजे उरले दोघंच.

३

"माझ्यावर संशय? माझ्यावर?" दाढ-डॉक्टर खुर्चीतून उठलाच. पुढ्यातला पेशंट आ वासून तसाच पडलेला. "अहो, मी दात काढतो, जीव नाही!"

"तुमचं बाईंशी भांडण होतं," दारात उभा घुबड म्हणाला.

"कोणाचं नव्हतं? त्यांनी क्लबाला पत्र टाकलं, की शिडवाले पोहणाऱ्यांच्या वाटेत येतात. मी म्हटलं, मग तलावात पोहा. एवढंच! याला काय भांडण म्हणतात?"

"आँ," पेशंट म्हणाला.

"तुम्ही गप पडा. औषध चढू दे."

"तुमच्या कॅमेऱ्यात काहीच नाही," घुबड म्हणाला. "बॅटरी संपली म्हणालात. मी दुपारीच भरून दिली होती."

"मग लावायला विसरलो असेन."

"आणि होतात कुठे?"

"खोल समुद्रात! काय वारा होता राव! एका होडीवर उचलली होती मी नाव, एकट्याने. तुम्ही बघायला हवं होतं."

घुबडाचं डोकं सटकलं. लोक थापा मारतात त्याचं त्याला काही नव्हतं. पण वाईट मारतात त्याचा राग यायचा.

"डॉक्टर, येताना तुमची नाव बघून आलो. डोलकाठीच्या शेंड्याला चिखल आहे. काळा, वाळलेला. खोल समुद्रात डोलकाठीला चिखल कुठून लागला? आभाळातून?"

डॉक्टर खाली बसला.

"खाडीच्या तोंडाशी पाणी गुडघाभर," घुबड म्हणाला. "तिथे नाव उलटली तर डोलकाठी खाली तळात रुतते. एकट्या माणसाला सरळ करायला तासभर तरी लागतो. पोहणाऱ्यांची वाट राहिली दुसऱ्या टोकाला. खरं की नाही?"

"कोणाला सांगू नका," डॉक्टर पुटपुटला. "सगळ्या क्लबाला सांगून बसलोय की मी कधी उलटत नाही. कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. मीच पुसलं."

"आँ आँ," पेशंट म्हणाला. तो हसत होता हे डोळ्यांवरून कळत होतं.

"कपडेसुद्धा चिखलात बरबटले होते," डॉक्टर म्हणाला. "इस्त्रीवालीला विचारा हवं तर. ती अजून बोलते मला."

घुबड दवाखान्याच्या पायऱ्या उतरला. डॉक्टर सुटला याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. पण बोटं मोजायची म्हटली तर आता एकच उरलं होतं. आणि ते बोट भोंग्याचं होतं.

४

भोंग्याची खोली इंजिनांच्या गोदामामागे होती. एक कॉट, एक शेगडी, खिळ्याला टांगलेला रेनकोट. भोंगा कॉटवर बसला होता आणि हळू बोलत होता. घुबडाला आधी वाटलं, घसा बसलाय.

"टोपी सापडली म्हणे बाईंची."

"कुठे?"

"बेटाच्या काठाला. सकाळी पोलीस गेले होते. मी वेडा, धक्क्याच्या बाजूला शोधत बसलो. विसरलोच, की दुपारनंतर वारा फिरला होता. रोज समुद्रावरून येतो, काल जमिनीवरून सुटला. वर्षाकाठी चार वेळा होत असेल. टोपी वाहत गेली बाहेर."

"बरं, मग?"

"मग काही नाही." भोंग्याने तळहात चोळले. "घुबडा, एक विचारू? माणसाच्या हातून माणूस जातं आणि त्याला कळतच नाही, असं होतं का रे?"

"काय बरळतोस?"

"इंजिनाचा आवाज केवढा असतो. ठक वाजलं असेल. मला ऐकू नसेल आलं. बोटीच्या नाकाला ओरखडा आहे, मी म्हणतो जुना आहे. पण जुना आहे का? रात्रभर आठवतोय. आता मलाच खात्री नाही."

"तू मारलं नाहीस."

"तू होतास तिथे?"

घुबडाने शेगडी जवळ ओढली.

"लोक एवढे म्हणतायत तर असेल," भोंगा म्हणाला. "त्या मला रोज हात करायच्या. कोणी नाही बघ त्यांचं, प्रेत न्यायलासुद्धा क्लबच्या माळ्याला पाठवलं. मी विचार केलाय. उद्या कबूल करून टाकतो. उगाच सगळ्यांना ताटकळत कशाला ठेवायचं?"

"अक्कल गहाण ठेवलीस का?" घुबड ताडकन उठला, त्याचं डोकं रेनकोटाच्या खिळ्याला आपटलं, आणि तो खिळ्यालाही एक शिवी देऊन मोकळा झाला. "न केलेलं कबूल करतोस? जेल म्हणजे काय मामाचं घर वाटलं?"

"घर तसं हेही नाहीच," भोंगा म्हणाला.

घुबड बाहेर पडला. डोकं ठणकत होतं. खिळ्यामुळे असेल. की त्याच्याआधी भोंगा काय म्हणाला होता त्यामुळे? काहीतरी सहज बोलून गेला होता. वाऱ्याबद्दल.

५

नावांच्या शेडमधून खसखस आवाज येत होता. मुलीचा जोडीदार उकिडवा बसून कॅटमरानच्या डाव्या होडीचं नाक पॉलिशच्या कागदाने घासत होता. उंच, बारीक, लांब मानेचा. बगळा. मुलगी आणि तो लग्न करणार असल्याचं घुबडाला क्लबच्या माळ्याकडून कळलं होतं.

"या काका! नाही, बाबा म्हणायला हवं आता, नाही का?"

"काका चालेल," घुबड म्हणाला. "काय चाललंय?"

"संघाच्या निवडीची शर्यत आलीय ना. गुळगुळीत केली की पाणी चिकटत नाही."

"उजवी नाही घासत?"

"उजवी बरी आहे." कागद थांबला. मग पुन्हा सुरू झाला. "म्हणजे तिचाही नंबर लागेल. घाई काय आहे?"

"काल वारा कसा होता रे?"

"मस्त."

"कुठून होता?"

बगळ्याने मान वर केली. "व्हिडिओ बघितलात ना तुम्ही? त्यात आहे की सगळं. इन्स्पेक्टरबाई पण बघून समाधानी झाल्या. मग झालं तर." तो गोड हसला. "भोंगाकाकांचं वाईट वाटतं हो. पण वय झालं, डोळे जातात. एखाद्याने वेळेवर घरी बसावं. खरं ना?"

घुबडाने त्याच्या कानाखाली वाजवली असती. हात उचललाही होता. पण तेवढ्यात त्याची नजर घासलेल्या जागेवर गेली. नाकाला एका जागी खोलगट चपटी भेग होती, वर पांढरं लिंपण भरलेलं. लिंपण ताजं होतं.

त्याने हात खाली घेतला आणि सरळ आपली खोली गाठली. दाराला आतून कडी लावली. अशी कडी तो कधी लावत नसे. त्याच्याकडे येतंय कोण?

६

आधी त्याने कापलेला व्हिडिओ लावला. तोच, जो पोलिसांना दिला होता.

डावीकडे बेट. उजवीकडे समुद्र. शीड बेटाच्या बाजूला फुगलेलं, आणि दोघं समुद्राच्या बाजूला बसून मागे रेललेली.

शिडाचं गणित शेंबड्या पोरालाही कळतं. शीड वाऱ्याला पाठ दाखवतं, माणसं वाऱ्याच्या बाजूला बसून तोल धरतात. म्हणजे या व्हिडिओत वारा समुद्रावरून येत होता. रोजच्यासारखा.

आणि त्या संध्याकाळी वारा जमिनीवरून होता. लाल टोपी बेटाला जाऊन लागली ती काय पोहत गेली?

"बेटामागे वारा उलटा फिरत असेल," घुबड मोठ्याने म्हणाला. खोलीत कोणी नव्हतं, तरी समजावून सांगत होता. "डोंगराला आपटून वळत असेल. नाही का? वळतो कधी कधी."

असा वळलेला वारा गोंधळलेला असतो. शीड फडफडतं. हे शीड तर नव्या उशीसारखं भरलेलं.

त्याने पाणी प्यायलं. मग मूळ व्हिडिओ उघडला, कापायच्या आधीचा, पूर्ण. तो त्याने बघितलाच नव्हता. आतापर्यंत एकदाही नाही. चौकट ओढली होती, आणि मग फक्त तिला बघत बसला होता. वळण घेताना ती मान कशी तिरकी करते, लहानपणी सायकलवर करायची तशीच.

आता त्याने तिच्याकडे बघितलं नाही. नजर खालच्या कोपऱ्यात ठेवली.

दोरीचं शेपूट फडफडत होतं. उन्हाने विटलेलं, धागे सुटलेलं.

निळं.

बाई गेल्या त्या दुपारी त्याने स्वतःच्या हातांनी तिच्या कॅमेऱ्याला केशरी दोरी बांधली होती. हा व्हिडिओ त्याच्या आधीचा होता. निदान आदल्या दिवसाचा. त्या संध्याकाळी ती दोघं बेटामागे नव्हतीच.

ही गोष्ट जगात एकालाच माहीत होती. पोलिसांकडच्या व्हिडिओत तो कोपराच नव्हता. तो कापणारा हात घुबडाचा होता. बोट दाबलं की मूळ व्हिडिओ पुसला जाणार, आणि उद्या भोंगा कबूल करून मोकळा होणार.

कोणीतरी दार वाजवलं.

"बाबा? कडी का लावलीय?"

७

ती आत आली आणि पडद्याकडे बघून उभीच राहिली. कोपरा मोठा करून थांबवलेला होता. आख्ख्या पडद्यावर एक निळं शेपूट.

"बस," घुबड म्हणाला.

"बगळा म्हणाला, तुम्ही शेडमधे येऊन वाऱ्याचं विचारत होतात."

"काय झालं ते सांग. थापा नकोत. वाईट थापा तर अजिबात नकोत."

ती बसली नाही. भिंतीवरच्या चहाच्या डागाकडे बघत बोलली.

"आम्ही बोयाच्या बाजूने परत येत होतो. एका होडीवर. फुल वेगात. शीड इतकं खाली आलेलं की पलीकडचं काही दिसत नाही. ठक वाजलं. मला वाटलं, ओंडका. मागे वळून बघितलं तर टोपी."

"सुकाणू कोणाच्या हातात?"

"माझ्या." तिचा आवाज फाटला. "मी वळवायला घेतली होती, बाबा. खरंच. पण ही नाव जागच्या जागी वळत नाही, तुम्हाला माहितीय. तेवढ्यात भोंगाकाकांची बोट तिकडे येताना दिसली. बगळा म्हणाला, ते काढतील, त्यांचं कामच आहे ते, चल. मला वाटलं, जिवंत असतील. धक्क्यावर आले तेव्हा ताडपत्री घातली होती, आणि सगळे काकांवर ओरडत होते."

"आणि तू गप्प बसलीस."

"तिथे आम्हाला कोणी विचारलंच नाही! आणि निवड तोंडावर आलीय. आयुष्यात एकदाच येते ती. त्या तर गेल्याच होत्या. मी सांगून त्या उठून बसणार होत्या का?"

"भोंगा उद्या कबूल करणार आहे."

"काय?"

"त्याला वाटायला लागलंय की त्यानेच मारलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला पटवलंत."

ती खाली बसली.

घुबडाला एक गोष्ट विचारायची नव्हती. तरी तोंडातून गेली.

"दोरी बघितली होतीस तू? कार्ड देण्याआधी?"

"हो."

"मग मला का दिलंस? बगळ्याने कापलं असतं. कोणीही कापलं असतं."

"दुसऱ्या कोणी कापलं तर पोलीस विचारतात, का कापलं. तुम्ही सगळ्यांचेच कापता." ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघत होती. "आणि तुम्ही बाकी काही बघणार नाही हे माहीत होतं. मी असले की तुम्ही माझ्याकडेच बघत बसता."

घुबडाने मान हलवली. बरोबर हिशेब होता. चुकायला जागाच नव्हती.

"आणि डबा?" तो म्हणाला.

"काय?"

"जेवायला बसलीस. ते?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग झटक्यात उठली. "मी उद्या जाऊन सांगू, असं तुम्हाला वाटतंय? नाहीतर तुम्ही सांगणार? स्वतःच्या मुलीला आत घालणार? आई म्हणायची तेच खरं. तुम्हाला माणसं नकोच असतात, तुम्हाला खोकी पुरतात!"

"मी उद्या जाणार," घुबड म्हणाला. "तू ये न ये."

"मग मला तोंड दाखवू नका पुन्हा."

दार इतक्या जोरात आपटलं की कडी निखळून खाली पडली. हा राग तिने कोणाचा उचलला होता ते सांगायची गरज नव्हती.

८

सकाळी घुबड मूळ व्हिडिओ खिशात घालून पोलीस कचेरीत गेला. वाटेत दोनदा थांबला. एकदा बुटाची नाडी बांधायला, आणि एकदा उगाच.

"तुम्ही कशाला आलात?" इन्स्पेक्टरबाईंनी त्याला दारातच अडवलं. "मी बोलावणारच होते तुम्हाला. तुमची मुलगी आत आहे. उघडायच्या आधीपासून पायरीवर बसली होती."

घुबडाने भिंतीला हात टेकला.

"सगळं लिहून दिलंय तिने. सुकाणू तिच्याच हातात होतं, व्हिडिओ आदल्या दिवशीचा दिला, तेही. तो मुलगा म्हणतो, मला काही ठाऊक नाही, मी तोल धरायला डोलकाठीच्या तारेला बाहेर लटकलो होतो." त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला माहीत होतं?"

"काल कळलं." त्याने कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे द्यायला आलो होतो."

"म्हणजे तिला माहीत होतं की तुम्ही येणार."

"हो."

इन्स्पेक्टरबाईंनी कार्ड पाकिटात घातलं. ती स्वतःच्या मनाने आली, की बाप सांगणारच आहे तर आधी आपण सांगावं म्हणून आली? घुबडाला ते विचारायचं धाडस झालं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

आतल्या दारातून भोंगा बाहेर आला. किल्ली हातात, कबुलीचं वाक्य तोंडातल्या तोंडात राहिलेलं. घुबडाला बघून त्याचा चेहरा खुलला, आणि मग हळूहळू त्याच्या लक्षात येत गेलं, कोणाची मुलगी, कोणी कापलेला व्हिडिओ. दोन दिवस हा माणूस जे ओझं वाहत होता ते कोणाच्या घरचं होतं, ते त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"भोंग्या," घुबड म्हणाला.

ज्याचा आवाज पलीकडच्या काठाला जायचा, तो भोंगा काहीच बोलला नाही. त्याने घुबडाच्या खांद्याला हात लावल्यासारखं केलं, पण हात पोचला नाही. मग तो दुसऱ्या दाराने निघून गेला.

बाहेरच्या लांब बाकावर मुलगी येऊन बसली. आईची गाडी संध्याकाळी पोचणार होती. वकील दुपारी. बगळा फोन उचलत नव्हता. तिने तीनदा लावला आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

घुबड बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"तुम्ही जा," ती समोर बघत म्हणाली.

तो बसून राहिला.

"जा म्हटलं ना! काय बघायचंय आता?"

"काही नाही बघायचं," घुबड म्हणाला. "आई येईपर्यंत बसतो. आली की जाईन."

मधे दोन माणसं बसतील एवढी जागा होती. कचेरीत कोणी तक्रार द्यायला आलं, त्याने ती जागा बघितली, दोघांचे चेहरे बघितले, आणि उभंच राहणं पसंत केलं.